आईनं सांगितलेल्या बासऱ्या

आमच्या घरात तंबाखूला थारा नव्हता. जेवणानंतर बडीशेप, तीही सणासुदीला, एवढीच काय ती चैन. बाबा लग्नाआधी तंबाखू मळायचे असं काका सांगत, पण मी त्यांना कधी तसं पाहिलं नाही. पहिल्याच वर्षी आईनं ते सोडवलं होतं. आईचं माहेर वाशिमकडचं. ती अगदी लहान असताना आमच्या लोकांनी धम्म स्वीकारला आणि तिच्या वस्तीतल्या माणसांनी एका सकाळी देवांचे टाक, दारूची मडकी, चिलमी, सगळं टोपल्यांत भरून नदीत नेऊन सोडलं. तिचे वडीलही त्यात होते. त्यांनी चिलीम पाण्यात टाकली आणि जाता जाता मागे वळून पाहिलं, तेव्हा आजी म्हणाली, "आता काय पाह्यता? ते काय पोहून येनार हाय का?" हा प्रसंग आई इतक्या चवीनं सांगायची की मीही त्या काठावर उभा होतो असं मला वाटायचं. आज माझ्या धंद्याबद्दल लोक कौतुकानं विचारतात, लाकूड कुठलं, हत्यारं कुठली, हे कुणाकडे शिकलात. घरात त्या वर्षांत काय झालं हे कुणी विचारत नाही. विचारलं असतं तरी मी सांगू शकलो असतो असं नाही. म्हणून लिहून ठेवतो आहे.

भांडुपला डोंगराच्या उतारावर आमची एक खोली होती आणि वर वाकून चढावं लागेल असा पोटमाळा. अभ्यासाला बसायला जागा नाही म्हणून बारावीपर्यंत मला रिसोडला मामाकडे ठेवलं होतं. मग मुंबईला येऊन मुलुंडच्या कॉलेजात बी.कॉम. केलं. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पदवी घेतलेला मी पहिला. बाबा एका औषधाच्या कारखान्यात खोकी भरायच्या खात्यात होते, आई एका पाळणाघरात स्वयंपाक करायची. कॉलेजच्या काळात मी कुठे अर्धवेळ काम करावं असं दोघांनी कधी सुचवलंसुद्धा नाही. मी वर माळ्यावर वाचत असलो की खाली दोघं कुजबुजून बोलायचे, कुकरची शिटी होऊ नये म्हणून आई भात पातेल्यात लावायची. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं आमच्या घरात माणसं मुळातच हळू बोलतात. निकाल लागला तेव्हा आईनं विहारात खीर वाटली आणि शेजारच्या जाधव मावशींनी, त्या रत्नागिरीकडच्या, तळलेल्या बोंबलांची ताटली पाठवली. वर निरोप होता, "साहेबांना सांगा, काटे नीट काढा, आता किंमत वाढलीय तुमची."

आईला अक्षर येत नव्हतं, पण सगळी वंदना तोंडपाठ होती आणि आवाज असा की विहाराच्या शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक शब्द सुटा पोचावा. दर रविवारी आणि पौर्णिमेला तीच पुढे बसून पंचशील सांगायची, बाकीचे तिच्यामागून म्हणायचे. घरी रोज सकाळी तसबिरीपुढे मेणबत्ती लावून तेच ती एकटी म्हणायची. मला जाग यायची ती त्या आवाजानं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. पाचही शिलांत तिचा जीव त्या चौथ्यात होता. जाधव मावशींच्या भाचीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा त्यांच्यातल्या एका बाईनं सहज विचारलं, मुलगी स्वयंपाकाला कशी आहे. आई म्हणाली, "आताच नाही जमत तिले. शिकेल." जाधव मावशी पुढे बरेच दिवस आमच्या दारावरून तोंड फिरवून जायच्या. बाबा म्हणाले, "अगं, बरी आहे म्हणायचं होतं." आई म्हणाली, "बरी नाही ना पण ते." लग्न तिथंच जमलं आणि मावशी पुन्हा बोलायला लागल्या, पण तेव्हापासून वस्तीत कुणाला खरं ऐकायचं असलं तर ते आईकडे यायचे, आणि ऐकायचं नसलं तर टाळायचे.

पदवीनंतर मी मुलुंडला प्लास्टिकच्या बादल्या करणाऱ्या एका कारखान्यात हिशेबाला लागलो. जेवणाच्या सुट्टीत समोरच्या भंगाराच्या दुकानात डोकवायची सवय लागली. तिथे एकदा जुन्या चष्म्यांच्या काड्यांमध्ये तंबाखू ओढायचा एक पाइप पडलेला दिसला. तोंडात धरायची दांडी दातांनी चावून मोडली होती, वाटी मात्र शाबूत. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा, कुणी विचारत नाही त्याला." मी तो हातात धरला. वाटीच्या लाकडावर आगीच्या ज्वाळांसारख्या सरळ वर गेलेल्या रेषा होत्या, आणि ती अंगठ्याखाली अशी बसली की मी उरलेला दिवस खिशात हात घालूनच काम केलं. त्याआधी माझ्या हातानं मी कधी काही बनवलं नव्हतं. शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला मी मास्तरांना वह्या तपासून द्यायचो. हा मोडका पाइप मला दुरुस्त करायचा होता, एवढंच. दांडी करायला मी जाड शिंग आणलं, ते कानशीनं घासताना घरभर जळक्या केसांसारखा वास पसरला. आईनं विचारलं, "काय मारलं वर?"

पुढचं सगळं मी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत शिकलो. परदेशातली हौशी माणसं आपापले पाइप दाखवायची, चुका सांगायची. मी शब्दकोश घेऊन वाचायचो. खरं लाकूड भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाच्या गाठीचं, त्याला ब्रायर म्हणतात. ते मला कुठलं मिळायला. मी गावाहून काकांकडून बाभळीची मुळं मागवली. लाकडातला चीक निघावा म्हणून ती आंघोळीच्या पाण्याच्या पातेल्यात तासन्‌तास उकळायची, मग पोत्यात गुंडाळून सावलीत वाळवायची. पातेलं आतून तांबडं झालं ते कायमचं. वाटी कोरणं सोपं. कठीण असतं ते दांडीकडून येणारं बारीक भोक वाटीच्या बरोबर तळाशी, मध्यावर उघडणं. जरा वर उघडलं तर तळाला ओल साचते, जरा बाजूला गेलं तर भिंत पातळ होते. माझी पहिली कितीतरी भोकं वाटी फोडून बाहेर आली. बाबा एक उचलून त्यातून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "दुर्बीण झाली रे."

वाटीला आतून ताक आणि कोळशाच्या पुडीचा लेप द्यायचा असं मी वाचलं होतं, म्हणजे पहिल्या जाळाला लाकूड वाचतं. मी घरातलं ताक घेतलं. आईच्या ताकात मीठ आणि हिंग असायचाच, ते माझ्या डोक्यात आलं नाही. पहिला बरा पाइप मी इंटरनेटवर ओळख झालेल्या एका परदेशी आजोबांना पाठवला. त्यांनी अगदी सभ्यपणे कळवलं की पाइप उत्तम ओढला जातो, पण तळाला सारखी ओल राहते, आणि जो वास येतो आहे तो कोणत्या मसाल्याचा हे जाणून घ्यायला आवडेल. मी आईला वाचून दाखवलं. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. दुसऱ्या दिवसापासून बिनमिठाच्या दह्याची एक वाटी वेगळी झाकून ठेवू लागली. "तुह्या चिलमीचं दही," म्हणायची. मी एकदा म्हटलं, आई, याला चिलीम नाही म्हणत. ती म्हणाली, "मान वाकडी केली म्हणून काय झालं. चिलीमच हाय ते." पण हसतच म्हणाली. तो माझा रिकाम्या वेळेचा नाद होता तोवर तिनं तो नाद म्हणूनच चालवून घेतला.

मग ब्रायरच्या गाठी पार्सलनं येऊ लागल्या, पाइपला गिऱ्हाईक मिळू लागलं, आणि मी नोकरी सोडायचं ठरवलं. रात्री जेवताना सांगितलं. अंबाडीची भाजी आणि भाकरी होती. बाबांनी विचारलं, "पोट भरंल?" मी म्हटलं, भरेल. आईनं बाबांना अर्धी भाकरी वाढली. मग म्हणाली, "ते लोक ओढतात ते, त्यानं नुकसानच होते ना त्यांचं?"

"होतं."

"मग?"

"मी कुठे ओढतो, आई?"

"आमच्या गावात दारू गाळनारा पन पीत नव्हता," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. यात राग नव्हता. तिनं मला थांबवलंही नाही. आपल्यापेक्षा जास्त शिकलेल्या मुलाला काय सांगायचं, असा तिचा सूर असायचा. मी पदवी घेतल्यापासून तो सूर घरात आला होता आणि मला तो कधीच आवडला नाही.

त्यानंतरच्याच रविवारी ते घडलं. वंदना संपली होती, मी बाहेर चपला घालत होतो. विहाराच्या समितीचे अध्यक्ष गवई काका आईला विचारत होते, "प्रकाशनं नोकरी सोडली म्हणे. आता काय करतो?" मला वाटलं ती आता चिलमी म्हणेल आणि सगळे हसतील. ती म्हणाली, "लाकडाच्या बासऱ्या करते तो. परदेशात जातात." गवई काका म्हणाले, "अरे वा, झकास." घरापर्यंतचा चढ आम्ही दोघं चढत होतो. एकदा ती दम घ्यायला थांबली तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं, ती खाली रेल्वेच्या दिशेला बघत होती. मला तेव्हा फक्त एवढंच कळलं की तिनं माझ्यासाठी हे केलं. ज्या मुलासाठी विहारात खीर वाटली तो चिलमी करतो हे तिच्या तोंडून निघेना.

पुढे सगळीकडे मी बासरीवाला झालो. जाधव मावशी जिन्यात अडवून म्हणायच्या, "पक्या, आमच्या नातवाला एक दे की रे. बघू तरी कशी असते परदेशातली बासरी." मी म्हणायचो, सगळ्या ऑर्डरच्या आहेत मावशी. आई तिथे असली तर खाली बघायची. आणि मग बुद्धपौर्णिमा जवळ आली. समितीनं ठरवलं की वस्तीतली जी मुलं शिकून स्वतःच्या पायावर उभी राहिली त्यांचा सत्कार करायचा. त्यात माझं नाव होतं. आईला हे कळलं त्या दुपारी ती शिडी चढून माळ्यावर आली. ती कधी वर यायची नाही, गुडघे दुखायचे. लाकडाच्या भुशात तशीच बसली.

"एक बासरी करशील का रे?"

"मला येत नाही, आई. ते वेगळं काम आहे."

"भोकंच तर पाडाची असतात. तुले चांगली येतात आता." मग म्हणाली, "एक तरी कर. एक केली म्हणजे खोटं राहत नाही ना ते. मले त्या दिवशी समोर बसून म्हनाचं हाय. त्या ओळीपाशी आले की जीभ जड होते. घरी कशीतरी म्हनते. सगळ्यांसमोर नाही म्हनता यायची."

मी हातातला पाइप बाजूला ठेवला आणि बासरी करायला बसलो. बाभळीचा तुकडा आतून पोखरला, भोकांची अंतरं एका बाजारच्या बासरीवरून मोजली, आतून गुळगुळीत केली. दिसायला अशी झाली की बाबा म्हणाले, दुकानात ठेव. पण ती वाजेना. मी फुंकलं, नुसती हवा गेली. बाबांनी फुंकलं. म्हणाले, "सायकलच्या ट्यूबला पंक्चर असल्यावानी वाटते." दुसरी केली, ती थोडी कण्हली आणि थांबली. तिसरीला तडा गेला. आई खाली बसून ऐकत होती, प्रत्येक वेळी मान वर करायची. शेवटी मी पहिलीच तिच्या हातात दिली. तिनं ती ओठाला लावली, फुंकली, पुन्हा फुंकली. मग पदरानं पुसून मला परत दिली. "न वाजनारी बासरी म्हंजे लाकूडच ना," ती म्हणाली. बाबा म्हणाले, अगं, चालतंय, कोण वाजवायला सांगतंय.

पौर्णिमेला विहार भरून गेला होता. पांढऱ्या साड्यांच्या रांगा, मागे खिरीचं मोठं पातेलं, त्याला वेलचीचा वास. आई नेहमीच्या जागी पुढे बसली. त्रिशरण म्हटलं. पहिलं शील तिनं सांगितलं, लोकांनी म्हटलं. दुसरं. तिसरं. मग ती थांबली. सुरुवातीला वाटलं श्वास घेते आहे. लोक वाट बघत राहिले. मागे एक मूल रडलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. आईचे हात जोडलेले होते आणि मान सरळ होती, ओठ मात्र मिटलेले. मी पुरुषांच्या रांगेत होतो, मला तिचा एक गाल तेवढा दिसत होता. माझं बरंच आयुष्य सरलं आहे, त्यात वाईट प्रसंग काही कमी आले नाहीत, पण तेवढी लांब शांतता मी पुन्हा ऐकली नाही. शेवटी जाधव मावशींनी आवाज उचलला आणि चौथं शील सांगितलं. पाचवंही त्यांनीच सांगितलं.

सत्काराला मला बोलावलं तेव्हा बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी हौसेनं म्हटलं, मग ऐकवा की एखादी धून. गवई काका घाईघाईनं पुढे झाले, "नाही नाही, भोजनदानाची वेळ झाली," असं म्हणून माझ्या हातात फुलं देऊन मला खाली बसवलं. मला तेव्हा नशिबानं वाचलो असं वाटलं. आई मागे खीर वाढत होती. तिनं वर पाहिलं नाही.

त्या दिवसानंतर ती विहारात पुढे बसली नाही. लोकांनी तिचा घसा बसला असं ठरवून टाकलं, तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. घरी सकाळी मेणबत्ती लावायची, पण चारच शीलं म्हणायची. चौथ्याच्या जागी थोडी थांबायची आणि पाचव्यावर जायची. मी माळ्यावर जागा असायचो. त्या थांबण्याची मला इतकी धास्ती बसली की मी सकाळी लवकर उठून बाहेर जायला लागलो. मग मी पाइप करणं बंद केलं. हत्यारं पोत्यात बांधली, पुन्हा हिशेबाची नोकरी धरली. मला खात्री होती की आता ती म्हणेल. काही महिने वाट पाहून एकदा मीच विचारलं. ती म्हणाली, "तू सोडलं ते तुह्या जागी. मी बोलली ते बोललीच ना."

तेव्हा मला एकच उपाय सुचला, आणि तो आधी का सुचला नाही याचं नवल वाटलं. मी गवई काकांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. बासऱ्या नाहीत, पाइप आहेत, तंबाखूचे. ते टीव्ही बघत होते. आवाज कमी करून म्हणाले, "अरे, माहीत आहे की. तुझ्या बाबांनीच सांगितलं होतं, तू नोकरी सोडलीस त्याच महिन्यात. सगळ्या समितीला माहीत होतं. तुझ्या आईला वाईट वाटू नये म्हणून आम्हीपण बासरी बासरी करत होतो. त्यात काय एवढं." आतून काकू म्हणाल्या, "जाधवबाईंना पण माहीत होतं. त्या मुद्दाम चिडवायच्या तुला, नातवाचं नाव काढून." दोघंही हसली. मीही हसलो. मला चहा दिला, तो मी उभ्यानंच प्यायलो आणि चढ जवळजवळ पळत चढलो. इतका हलका मी कधी झालो नव्हतो. पुढच्या रविवारी ती पुढे बसेल, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

आई दारात मेथी निवडत बसली होती. मी धापा टाकत सांगितलं, "आई, सगळ्यांना माहीत होतं. पहिल्यापासून. कुणी फसलंच नाही."

"सगळ्यांले?"

"सगळ्यांना. गवई काका, जाधव मावशी, सगळे. तुला वाईट वाटू नये म्हणून ते बासरी म्हणत होते."

तिच्या हातात मेथीची काडी होती, ती तिनं परत जुडीत ठेवली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, तिथे काही सुटेल, हसू येईल म्हणून.

"म्हंजे माह्यापायी सारी वस्ती खोटं बोलली," ती म्हणाली.

मी पुष्कळ समजावलं. बाबांनी समजावलं, जाधव मावशी येऊन हात धरून बसल्या, म्हणाल्या, अगं बाई, प्रेमापोटी केलं सगळ्यांनी. आई त्यांना म्हणाली, "म्हनूनच तर." पुढे काही महिन्यांनी मी पोतं सोडून हत्यारं बाहेर काढली. बंद ठेवून काही वाचणार नव्हतं. आज मुलुंडला माझा स्वतःचा गाळा आहे, माझ्या पाइपसाठी परदेशातली माणसं थांबून राहतात, आणि हे सगळं ज्या दोघांच्या कष्टांवर उभं राहिलं त्यांचे उपकार मी कुठे फेडणार हे मला माहीत नाही. आई जाऊन खूप वर्षं झाली. शेवटपर्यंत ती माझ्याशी प्रेमानं वागली.

मी धावत येऊन आईला ते सांगितलं, त्या संध्याकाळनंतरची सकाळ मात्र सांगायला हवी. त्या दिवशी मी लवकर बाहेर गेलो नाही, अंथरुणात जागा होतो. आई उठली, तोंड धुऊन आली, गॅसवर तवा ठेवला, तसबिरीपुढे मेणबत्ती लावून बसली आणि हात जोडले. मी त्या चौथ्या जागेच्या थांबण्याची वाट बघत होतो. पण तिनं सुरुवातच केली नाही. पहिलं शीलही म्हटलं नाही. तवा तापून त्याचा धूर खोलीभर झाला तरी ती तशीच बसली होती. शेवटी बाबा उठले आणि त्यांनी गॅस बंद केला.